शंभर रत्तल आणि डावा पाय

संगमनेर, सोमवार, ८ नोव्हेंबर १९४३

या गावात बसून दोन शब्द बोलावेत असा एक माणूस नाही, म्हणून वहीशी बोलायचं ठरवलं आहे. वही म्हणजे कचेरीतल्या रद्द रजिस्टराची मागची कोरी पानं. लढाईमुळे कागद मिळत नाही, आणि आमचे दोन धाकटे कारकून त्याच कागदावर गाढवांची चित्रं काढतात. त्यापेक्षा माझं अक्षर पुष्कळ बरं.

आज जे घडलं ते लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. दप्तरखान्याच्या भिंतीला ओल आली म्हणून जुन्या नकाशांची लोखंडी पेटी दोन हात पुढे सरकवायची होती. शिपाई बाहेर बिड्या ओढत बसलेले. मामलेदारसाहेब म्हणाले, "कुणाला तरी बोलवा." मी म्हणालो, "कुणाला कशाला? व्हा बाजूला." वाकून कडी धरली. पेटी हलली नाही. पुन्हा जोर केला, तर धोतराचा कासोटा सुटला. इतक्यात छगन शिपाई आत आला. त्यानं एका हातानं पेटी उचलली, दुसऱ्या हातानं तंबाखूची डबी खिशात टाकली आणि विचारलं, "ठिवू कुठं, भाऊसाहेब?"

मामलेदारसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. बाकीचे तर सरळ खो खो हसले.

हा छगन खर्ड्याचा. तिथं किल्ला आहे म्हणतात. हा त्या किल्ल्याचाच निखळलेला दगड असावा, निदान डोक्याच्या बाबतीत. ओझं बैलही उचलतो, म्हणून बैलाला कुणी दप्तरदार करत नाही. पण हसले ते मला हसले. अडतीस वर्षांत शामकांत निसळाला असं कुणी हसलं नव्हतं. तोंडावर तरी नाही.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

नदीकाठच्या व्यायामशाळेत नाव घातलं. तिथला वस्ताद चांदभाई. साठीच्या पुढचा, तोंडात चार दात, अंगावर लुंगी. मोडलेली हाडंही बसवतो म्हणे. या गावात डॉक्टरकी करायला शिकावं लागत नाही.

मुंबईच्या कुणा शेटजीनं दिलेला लोखंडी बार आहे, दोन्ही टोकांना चकत्या अडकवायच्या, चकतीवर रत्तल कोरलेले. मी तिकडे वळलो तर म्हातारा आडवा आला. "साहेब, तीन महिने बाराला हात लावायचा न्हाई. आधी ही काठी."

"काठी?"

"व्हय. भुईवरनं उचलायची, डोईवर न्यायची, परत ठिवायची. गुडघं वाकवायचं, पाठ न्हाई. जोर मांडीत पायजे, कंबरंत न्हाई."

मॅट्रिक झालेल्या माणसाला हा अंगठेबहाद्दर वाकायला शिकवणार! अठरा वर्षं मी दप्तरं उचलतो आहे. कचेरीत उचलायची रीत एकच: पाय ताठ ठेवायचे, वाकायचं, उचलायचं. गुडघे मोडून बसकण मारतात त्या बाजारातल्या भाजीवाल्या.

तरी काठी उचलली, वीस वेळा. शेजारी छगन दीडशे रत्तल उचलत होता आणि मधूनमधून माझ्याकडे बघून "लई झ्याक, भाऊसाहेब" म्हणत होता. त्याच्या म्हणण्यातली खोच न कळण्याइतका मी खुळा नाही.

रविवार, १४ नोव्हेंबर

आमच्या मंडळींनी आज नवीनच खूळ काढलं. पुण्याला बायकांचं ट्रेनिंग कॉलेज आहे, दोन वर्षांचा कोर्स, राहायला तिथंच, मग शाळेत शिक्षकीण होता येतं. लग्नाआधी नीलांबरी सातवीच्या फायनलला जिल्ह्यात तिसरी आली होती. तेव्हापासून डोक्यात हे भूत असणार. अर्जावर नवऱ्याची सही लागते आणि अर्ज ३१ मार्चच्या आत पोचावा लागतो. अर्ज तिनं आधीच मागवून ठेवलाय, तोही कुठं, तर पोह्यांच्या डब्यात!

"आणि इथं माझ्या पोटाचं काय?" मी विचारलं.

"कोपरगावच्या आत्याबाई यायला तयार आहेत. पत्र आलंय त्यांचं."

म्हणजे सगळा बेत शिजून तयार, फक्त मला वाढायचा राहिला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही, आणि आता ही लोकांची पोरं शिकवणार. मला हसूच आलं. म्हटलं, "ज्या दिवशी मी शंभर रत्तल डोक्यावर घेईन, त्या दिवशी सही करीन."

थट्टेनं म्हटलं होतं. ती हसली नाही. "शंभर म्हणजे शंभरच ना? नंतर सव्वाशे नाही ना करणार?"

"शब्द म्हणजे शब्द," मी म्हणालो. बायकांना थट्टा कळत नाही हेच खरं.

सोमवार, २२ नोव्हेंबर

घरात नवल चाललं आहे. मी उठायच्या आत पाणी तापलेलं असतं. भिजवलेले हरभरे, गूळ, तांब्याभर दूध. साखर रेशनवर, म्हणून स्वतः बिनसाखरेचा चहा पिते आणि माझ्या दुधात दोन चमचे घालते. संध्याकाळी आलो की अंगाला तिळाचं तेल चोळते. आणि रोज एकच प्रश्न, "आज किती?" मी "काठीच" म्हटलं की तेलाची वाटी उचलून आत जाते.

उशिरा का होईना, आपण कुणाच्या घरात पडलो आहोत हे तिला कळलं म्हणायचं. नवऱ्याचं बळ वाढावं म्हणून इतका जीव टाकणारी बायको या आळीत दुसरी दाखवा.

शुक्रवार, ३ डिसेंबर

चांदभाई लेकीकडे केडगावला गेला आहे, चार दिवस. बरं झालं, पीडा टळली.

आज बाराला हात घातला. पन्नास रत्तल. गुडघे-बिडघे न मोडता, कचेरीच्या रीतीनं वाकलो आणि घेतला डोक्यावर! छगन धावत आला. "भाऊसाहेब, पाठीची कमान व्हतीया. वस्ताद आमाला बोल लावत्याल."

"तू आपलं बघ," मी म्हणालो. पोटात दुखतं लोकांच्या, दुसरं काय.

घरी सांगितलं, "पन्नास!" तिचा चेहरा असा उजळला की मीच जरा ओशाळलो. बोटांवर काहीतरी मोजत होती.

रविवार, ५ डिसेंबर

ऐंशी लावले. बार गुडघ्यापर्यंत आला आणि कंबरेत खालच्या बाजूला काहीतरी सरकलं. मी बार टाकला. सगळे बघायला लागले. "हात घसरला," म्हटलं, आणि ऐटीत बाहेर आलो.

नदीच्या वळणापर्यंत आलो तोच कळ निघाली. डाव्या कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, गुडघ्याच्या लवणीतून, पोटरी उतरून थेट करंगळीपर्यंत. दाराशी येईपर्यंत तीनदा भिंत धरावी लागली. उसण भरली असणार, दुसरं काय.

"आज किती?"

"ऐंशी," म्हटलं. खोटं नाही. गुडघ्यापर्यंत ऐंशीच होते. तिनं तुळशीपुढे दिवा लावला.

गुरुवार, ९ डिसेंबर

बसवत नाही. खुर्चीत बसलो की दहाव्या मिनिटाला पायात विस्तव. शिंक आली तर डोळ्यांपुढे काजवे. म्हणून आजपासून उभ्यानं लिहितो. खोकं ठेवलं, त्यावर रजिस्टर. मामलेदारसाहेबांनी विचारलं, "निसळ, हे काय?" मी म्हणालो, "विलायतेत आता असंच लिहितात, साहेब. पचन सुधारतं." त्यांना पटलं. त्यांना काहीही पटतं, म्हणून तर मामलेदार आहेत.

दुपारी बघतो तर ते दोघे गाढवांचे चित्रकारही खोक्यांवर रजिस्टरं ठेवून उभे. एक पाय वर उचलून, तोंड वेडंवाकडं करून. माझ्याकडे लक्ष गेलं तसे बसले.

रविवार, १२ डिसेंबर

छगननं चहाडी केलीच. चांदभाई केडगावहून आला तो तडक आमच्या घरी. मला जमिनीवर उताणं निजवलं आणि डावा पाय सरळ धरून हळूहळू वर उचलायला लागला. वीतभर वर गेला असेल-नसेल, मी अशी किंकाळी फोडली की शेजारचं कुत्रं भुंकलं.

"ही उसण न्हाई, साहेब. उसणीला कंबर धरती, अशी पोटरीपातूर कळ जात न्हाई. शीर दबली हाय. दीड-दोन महिने सपाट फळीवर पडून ऱ्हावा. मधून मधून चार पावलं चाला. बार इसरून जावा. आपसूक उतरंल."

नीलांबरी दाराआड उभी होती. तिनं विचारलं, "चांदभाई, मार्चपर्यंत शंभर रत्तल होतील का हो यांच्यानं?"

"बाई, शंभर रत्तल कशाचं घेऊन बसलात? पान्याची घागर उचलू दिऊ नका औंदा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याच्या वेदना बायकांना पाहवत नाहीत. मी म्हटलं, "रडू नकोस, मला काही होत नाही." म्हाताऱ्यानं माझ्याकडे आणि मग तिच्याकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेला. अडाणी माणसं. दुखण्याच्या घरातून उठताना काय बोलावं एवढंही ठाऊक नाही.

सोमवार, ३ जानेवारी १९४४

विष्णुपंत वैद्यांकडे गेलो. निदान चार ग्रंथ वाचलेला माणूस. त्यांनी मला अंगणात दहा पावलं चालायला लावलं आणि आनंदानं म्हणाले, "गृध्रसी! चालताना रोगी गिधाडासारखं पाऊल टाकतो, म्हणून गृध्रसी. आपलं पाऊल अगदी शास्त्रात सांगितल्याप्रमाणे पडतं."

गिधाड म्हणवून घ्यायला मी टांगा करून गेलो! लेप दिला आहे. त्याला असा वास येतो की कचेरीत माझ्या आसपासची तीन टेबलं रिकामी झाली. औषधाचा एवढाच गुण.

शनिवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. जगानं तिळगूळ घेऊन गोड बोलावं अशी अपेक्षा असते. गोड बोलायला कुणाचं काय जातं? मी फळीवर पडलेला. फळी नीलांबरीनंच आणून टाकली. चांदभाईनं सांगितलं तसं सगळं करून घेते, घटकाघटकेला उठवून चालवते, पुन्हा निजवते. रजेचा अर्ज टाकला आहे. दहा-बारा दिवसांत पुष्कळ उतार पडला, तो माझ्या मनाच्या बळानं.

तिळगूळ हातावर ठेवता ठेवता म्हणाली, "एक मागू? सही करून टाका ना. शंभर रत्तल आता कुठे व्हायचे."

मला संताप आला. "मी काय शब्द फिरवणारा माणूस आहे? शंभर म्हटले म्हणजे शंभर. झाल्याशिवाय सही नाही." शब्दाची किंमत बायकांना सांगूनही कळत नाही.

हल्ली "आज किती?" विचारत नाही. आश्चर्य म्हणजे मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. कधी कधी वाटतं, मी कुणालाच फारसा आवडत नाही. मग वाटतं, आवडनिवड कळायला अक्कल लागते.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

लिहायला सुचत नाही, पण लिहितो.

या सोमवारी कचेरीत पुन्हा रुजू झालो. काल तिथं छगनला फेटा बांधला. का, तर दोनशे रत्तल उचलले. मामलेदारसाहेबांनी स्वतः हार घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "निसळ, तुमचं पचन कसं आहे?" पुन्हा तेच हसणं.

म्हणून आज व्यायामशाळेत गेलो. चांदभाई पाठमोरा होता. चाळीसच लावले होते, चाळीस! वाकलो, आणि त्यानंतर मी जमिनीवर होतो. ओरडत होतो म्हणतात. मला आठवत नाही.

छगननं मला पाठुंगळीला मारून घरी आणलं. शुक्रवारच्या बाजारातून. मेथीवाल्या, कांदेवाल्या, सगळ्यांच्या देखत. वाटेत एक बाई म्हणाली, "कोन मेलं का रं?" छगन म्हणाला, "न्हाई, आमचं भाऊसाहेब हायती." मला मेलो असतो तर बरं, असं वाटलं. घरी उतरवताना त्यानं माझा पाय एखाद्या तान्ह्या पोरासारखा सांभाळून खाली ठेवला. त्याचाही मला रागच आला.

रविवार, २० फेब्रुवारी

डाव्या पायातून वहाण गळून पडते आणि मला पत्ता नसतो. करंगळीकडची बाजू मेल्यासारखी झाली आहे. नीलांबरीनं सुई टोचून पाहिली. मी छताकडे बघत होतो. "टोचलं का?" "अजून कुठं टोचतेस?" म्हटलं. तिनं सुई दाखवली. टोकाला रक्त होतं.

भीती वाटली. हे वहीतच लिहितो. लंगडा शामकांत निसळ. कचेरीत नाव पडायला दोन दिवसही लागायचे नाहीत.

शनिवार, ४ मार्च

आज जे ऐकलं त्यावर विश्वास बसत नाही.

सकाळी फळीवर पडलो होतो. मागच्या दारी कुजबूज, मग कुणाचं तरी कण्हणं, मग धप्, धप्, धप्, आणि एक पुरुषी आवाज, "गेली बगा बाई, उसण गेली! लई उपकार झालं!" मी ओरडलो, "कोण आहे तिकडे?" भांडी घासणारी दगडाबाई हात पुसत आत आली.

"कुनी न्हाई, मालक. कासाराचा थोरला. उसण भरली व्हती, बाईसाहेबांनी पाय लावला."

"कुणी पाय लावला?"

"आमच्या बाईसाहेबांनी. पायाळू हायती न्हवं का त्या! आख्ख्या आळीच्या कंबरा त्यांच्याच पायानं बऱ्या झाल्यात. तुमी कचेरीत गेला की येत्यात मानसं. शनवारी तर वळ लागती."

जन्मताना पाय आधी बाहेर आले, तर त्या माणसाच्या लाथेनं उसण जाते ही खेडवळ समजूत मला ठाऊक आहे. पण ही लाथा घालणारी बाई माझ्याच घरात नऊ वर्षं पोळ्या लाटते आहे, हे ठाऊक नव्हतं. दप्तरदाराची बायको, आणि कासारा-कोष्ट्यांच्या कंबरेत लाथा मारते!

तिला बोलावलं. "हे मला का सांगितलं नाहीस?"

"लग्न ठरताना सासूबाईंना सांगितलं होतं."

"मला का नाही?"

"तुम्ही माझं काही विचारलंच नाहीत कधी."

असं उलट बोलायला ती कधी शिकली कोण जाणे.

रविवार, १२ मार्च

आठवडाभर विचार केला. मी शिकलेला माणूस आहे. असल्या गोष्टी मी मानत नाही. पण कासाराचा थोरला काल समोरून हंडे घेऊन गेला, ताठ चालत. चांदभाईचे दोन महिने झाले, वैद्याचे लेप झाले. आणि चांदभाई शीर-बीर म्हणतो त्याला काय आधार? अंगठा उठवणारा माणूस. माझं पहिल्या दिवसापासून म्हणणं आहे की ही उसणच.

आज तिला म्हटलं, "लोकांना पाय लावतेस, मला का नाही?"

तिनं कानांवर हात ठेवले. "नवऱ्याला पाय? शिव शिव! आणि ही उसण नाही हो. चांदभाई म्हणाले ना? पडून राहिलात तर उतरेल. जानेवारीत उतरत आलीच होती, तुम्ही पुन्हा बार उचललात म्हणून."

"चांदभाईला काय कळतं? मी सांगतो, उसण आहे. मी आज्ञा करतो."

ती म्हणाली, "शनिवारी सांगते."

शनिवार, १८ मार्च

पालथा पडून लिहितो आहे. अक्षर वाकडं येतं, इलाज नाही.

सकाळी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून ती आली. एका हातात दौत आणि टाक, दुसऱ्या हातात तो अर्ज. पोह्यांचा वास येत होता कागदाला.

"पाय लावते," म्हणाली. "पण नवऱ्याला पाय लावायचं पाप मी उगाच डोक्यावर घ्यायची नाही. आधी इथं सही."

"आणि शंभर रत्तल?"

"तुमच्या पायापेक्षा रत्तल मोठे आहेत का?"

बाजारात भाव करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पण घरात हे पहिल्यांदाच पाहिलं. मला किळस आली. मग विचार केला, जिल्ह्यात तिसरी येऊन बारा वर्षं उलटली; हिला कोण घेतंय कॉलेजात? चार दिवसांत नकार येईल आणि खोड मोडेल. माझा पाय मात्र बरा होईल. टाक बुडवला आणि पालथ्या पालथ्याच सही ठोकली, शामकांत गणेश निसळ, झोकदार. तिनं कागद उजेडाला धरून सही दोनदा वाचली, फुंकर घालून वाळवली आणि पदराआड ठेवली.

"आता शेवटचं सांगते. ही उसण नाही. लाथेनं जायची नाही. वाटलं तर सही परत खोडा, मी काही म्हणणार नाही. पण नंतर मला बोल लावायचा नाही."

"बडबड पुरे," मी म्हणालो. "लाव पाय."

पहिल्यांदा पाय लागला तो लागला न लागला असा, देवापुढे पाट मांडावा तसा. मी म्हणालो, "याला काय लाथ म्हणतात? कासाराला मारतेस तशी मार." दुसरी जरा बरी बसली. "अजून जोरात," मी म्हणालो, "जेवलीस की नाही?"

तिसरी बसली तेव्हा माझं कपाळ फळीवर आपटलं. श्वास अडकला. मान वळवून पाहिलं, तर ती भिंतीला टेकून उभी होती, धापा टाकत, तोंड लालबुंद. कासारांच्या आणि कोष्ट्यांच्या कंबरेत ती अशी मारत असेल असं मला वाटत नाही. तिसरी लाथ औषधाची नव्हती.

मला रागवायला हवं होतं. वेळच मिळाला नाही. कळ आधी कंबरेत जमली आणि मग करंगळीपर्यंत गेली, जशीच्या तशी, थोडी जास्तच. ती लगेच खाली बसली. "पाय लागला, नमस्कार करते," म्हणाली, आणि मग पायाशी बांगड्या वाजल्या. म्हणाली, "येते. टपाल साडेबाराला निघतं." आणि निघून गेली. दारातून तिची पावलं ऐकू आली, भरभर, जवळजवळ पळाल्यासारखी.

त्याला आता तास होऊन गेला. दगडाबाई आली तेव्हा विचारलं, जाताना बाईसाहेबांनी माझ्या पायांना हात लावला का? ती म्हणाली, "लावला की, मी दारातनं बगितलं. डाव्या पायावर डोकं टेकलं, लई येळ." मी मान वळवून पायाकडे बघत पडलो आहे. डावा पाय. मला काही जाणवलं नाही.